बेलिनेल्ली: चेंडू हातात नसतानाचं करिअर

पायपीट (धागाकर्ता):

ऑगस्ट २०२५ मध्ये इटालियन बास्केटबॉलपटू मार्को बेलिनेल्लीने निवृत्ती जाहीर केली. कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉल ग्रुपवर मी बातमी टाकली, तर पहिला प्रतिसाद आला, "हा कोण? पास्त्याचा प्रकार आहे का?" खाली तीन हसरे चेहरे, आणि मग गाडी गणपतीच्या सुट्ट्यांवर गेली. म्हणून इथे लिहितोय. इथे चार माणसं तरी निघतील.

नाव नवीन असलेल्यांसाठी: एनबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) विजेतेपदाची अंगठी मिळवणारा पहिला इटालियन. २०१४, सॅन अँटोनिओ स्पर्स. अमेरिकेत तेरा मोसम, नऊ संघ, साडेआठशेच्या वर सामने. आणि इतकं होऊनही तो तिथे स्टार कधीच नव्हता. सामन्याला सरासरी दहाच्या आसपास गुण. संघाच्या फोटोत बघायचं तर कडेला शोधा. मला तो आवडतो तो या कडेला उभं राहण्यामुळेच, पण त्यावर नंतर येतो.

आधी बोलोन्या. मी तिथे शिकायला दोन वर्षं होतो. इटली म्हणजे फुटबॉल असं आपण धरून चालतो, पण बोलोन्या स्वतःला 'बास्केट सिटी' म्हणवून घेतं, आणि ते पर्यटन खात्याचं घोषवाक्य नाही. शहरात दोन क्लब, विर्तुस आणि फोर्तितूदो. न्हाव्याकडे गेलो तर दुसरा प्रश्न हाच, तू कुठला? मी पुण्याचा म्हटलं तर तो म्हणाला, ते कळलं, पण कुठला?

यांच्या वैराची सगळ्यात मोठी रात्र १९९८ची. इटालियन लीगची फायनल, दोन्ही संघ बोलोन्याचे, मालिका दोन-दोन बरोबरीत, पाचवा सामना. शेवटची काही सेकंद उरलेली आणि विर्तुस चार गुणांनी मागे. विर्तुसच्या प्रेड्राग डॅनिलोविचने थ्री (लांबच्या रेघेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) मारला, त्याच वेळी फोर्तितूदोच्या डॉमिनिक विल्किन्सने त्याच्यावर फाउल केला. होय, तोच विल्किन्स, अटलांटाचा डंकसम्राट, उतारवयात तिकडे खेळायला गेला होता. फाउलबद्दल मिळालेला एका गुणाचा फ्री थ्रोही आत गेला. एका झटक्यात चार गुण, सामना ओव्हरटाइममध्ये, विजेतेपद विर्तुसला. फोर्तितूदोवाल्यांसमोर हा विषय अजूनही काढायचा नसतो. मी एकदा काढला होता.

तेव्हा बेलिनेल्ली बारा वर्षांचा होता. जन्म २५ मार्च १९८६, बोलोन्याजवळच्या सान जोवान्नी इन पेर्सिचेतो या गावातला. विर्तुसच्याच मुलांच्या संघांतून वर आला. त्या काळात वरच्या संघात कोण होता? मनू जिनोबिली. २००१ साली कोच एत्तोरे मेस्सिना यांच्या हाताखाली विर्तुसने इटलीची लीग, इटलीचा कप आणि युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) तिन्ही जिंकले. पंधरा वर्षांच्या पोराने सरावाला यावं आणि शेजारच्या कोर्टवर जिनोबिली असावा, ही चैन बघा.

आणि दोन वर्षांत सगळं कोसळलं. पैशांचे घोळ, खेळाडूंचे थकलेले पगार, आणि २००३ मध्ये विर्तुसला लीगमधूनच बाहेर काढलं. सतरा वर्षांचा बेलिनेल्ली रस्ता ओलांडून गेला तो थेट फोर्तितूदोकडे.

(बाकीचं प्रतिसादांत लिहितो. एका दमात टाकलं तर कोणी वाचत नाही असा अनुभव आहे.)

कोल्हापुरी_किक:

वा! फुटबॉलवाला असून शेवटपर्यंत वाचलं. आमच्याकडे कोल्हापुरात पाटाकडील तालमीचा पोरगा उद्या वैरी दिलबहारच्या जर्सीत शाहू स्टेडियमवर उतरला तर काय होईल ते डोळ्यांसमोर आलं. पेठेत चहा मिळायचा बंद होईल. तिथे काही झालं नाही का?

पायपीट:

झालं असणारच, पण त्याच्या बाजूने एक गोष्ट होती. विर्तुसच शिल्लक नव्हता. घर पडल्यावर शेजाऱ्याकडे झोपायला गेलेल्याला कोण गद्दार म्हणणार? खरी पंचाईत सतरा वर्षांनी झाली, पण ते पुढे.

फोर्तितूदोत त्याला कोच मिळाले यास्मिन रेपेशा, क्रोएशियन, शिस्तीचे कडक. पहिल्याच मोसमात संघ युरोलीगच्या फायनलला गेला आणि तेल अवीवमध्ये तिथल्याच मकाबी क्लबकडून ११८-७४ असा धुतला गेला. चव्वेचाळीस गुणांनी. पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, भरपाई झाली. मिलानविरुद्ध फायनलचा चौथा सामना, शेवटच्या क्षणी रुबेन डग्लसने थ्री मारला. बझर आधी की चेंडू हातातून आधी सुटला, हे बघायला पंच टीव्हीच्या पडद्यापाशी गेले. मिलानचं अख्खं सभागृह श्वास धरून. बास्केट ग्राह्य, फोर्तितूदो विजेता. आज आपल्याला तिसऱ्या पंचाचं काही वाटत नाही, पण इटालियन लीगचं विजेतेपद रिप्ले बघून ठरण्याची ती पहिली वेळ.

मग २००६चा विश्वचषक, जपान. अमेरिकेविरुद्ध बेलिनेल्लीने २५ गुण केले. समोर लेब्रॉन, वेड, कार्मेलो अँथनी. इटली ९४-८५ हरली, कार्मेलोने एकट्याने ३५ मारले, पण हा वीस वर्षांचा हडकुळा पोरगा कोण, हे अमेरिकन स्काउटांनी लिहून घेतलं. २००७च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम) गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला अठराव्या क्रमांकावर घेतलं.

नागपाडेवाला:

अरे भावा, जुन्या आठवणी काढल्यास. लास वेगसच्या समर लीगमध्ये (मोसमाआधीचे नव्या पोरांचे सामने) याने पहिल्याच सामन्यात ३७ मारले होते. आम्ही नागपाड्यात कोर्टच्या कठड्यावर बसून चर्चा केली होती की वॉरियर्सला सोनं सापडलं. मग मोसम सुरू झाला आणि कोच डॉन नेल्सनने त्याला बेंचवर असा बसवला की बेंचला त्याच्या मापाचा खड्डा पडला असेल.

धागाकर्त्याने एक मुद्दा लिहिला नाही तो लिहितो. तेव्हा युरोपातली थ्री पॉइंटची रेघ ६.२५ मीटरवर होती. एनबीएत समोरून ७.२४, कोपऱ्यात ६.७०. म्हणजे ज्या नेमावर पोराने नाव कमावलं, तो नेम एका उन्हाळ्यात जवळजवळ एक मीटर मागे न्यायचा. त्यात सामना चाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस मिनिटांचा आणि डोळे मिटायच्या आत अंगावर येणारा डिफेंडर. एक मीटर म्हणजे किती, ते घरी कागदाचा बोळा आणि बादली घेऊन बघा. (युरोपाची रेघ २०१० मध्ये ६.७५ वर गेली, पण तोवर हा अमेरिकेत होता.)

कावेरी_क:

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, मुलगी खेळते म्हणून वाचते आहे. "चेंडू हातात नसतानाचं" म्हणजे काय? मग हातात नसताना तो करतो काय?

पायपीट:

कावेरीताई, सगळा धागा याच प्रश्नासाठी काढला असं समजा.

पाच खेळाडू, चेंडू एक. म्हणजे कुठल्याही क्षणी चार जण रिकाम्या हाताने असतात. बहुतेक जण तेव्हा उभे राहतात, हात वर करतात, "दे, दे" म्हणतात. बेलिनेल्ली पळत असतो. एका कोपऱ्यातून निघतो, रिंगखालून पलीकडे जातो. वाटेत त्याचाच उंच सहकारी भिंतीसारखा उभा असतो, त्याला स्क्रीन म्हणतात. हा त्या भिंतीला इतका चिकटून वळतो की मागे धावणारा डिफेंडर भिंतीवर आदळतो किंवा वळसा घालतो. त्यात अर्धा सेकंद मिळतो. त्या अर्ध्या सेकंदात चेंडू हातात येतो आणि लगेच सुटतो. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं) नाही, विचार नाही.

डिफेंडर मागे राहिला तर रिंगकडे वळायचं. तो शॉर्टकट मारून पुढून यायला लागला तर उलट बाहेरच्या बाजूला सरकायचं. हे पळता पळता, पाठीमागच्या माणसाच्या पावलांच्या अंदाजावर ठरवायचं. पाय मात्र आधी जमिनीवर नीट लागले पाहिजेत. आणि बेलिनेल्लीचं वैशिष्ट्य असं की त्याचे ते नीट लागायचेच नाहीत! एका पायावर, तिरका, मागे झुकत, पडता पडता मारायचा. बघणाऱ्याला वाटायचं हा काय मूर्खपणा. आणि चेंडू नेटमधून 'फस्स'.

मुलीला त्याचे व्हिडिओ दाखवा, पण चेंडूकडे बघू नको म्हणावं, फक्त याच्याकडे बघ. शॉट तसा मारू नको हेही सांगा.

तिरकस:

लेख चांगला आहे, पण थोडं पाणी ओततो. नऊ संघ बदलले याचा सरळ अर्थ असा की आठ जणांना तो नको होता. वॉरियर्सनी दुसऱ्या संघाला दिला, टोरांटोनेही दिला, न्यू ऑर्लिन्सने सोडला, शिकागोने सोडला. इतका गुणी होता तर कोणी धरून का ठेवला नाही? डिफेन्समध्ये तो गळका नळ होता हे धागाकर्ते सोयीस्करपणे विसरलेत.

पायपीट:

तिरकसराव, डिफेन्सचं मान्य. समोरचा संघ मुद्दाम त्याच्यावर हल्ला करायचा, प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) तर जास्तच. २०१४ला स्पर्सने विजेतेपद मिळवलं तेव्हा प्लेऑफमध्ये त्याची मिनिटं कमी झाली, त्याचं एक कारण हेच.

पण "आठ जणांना नको होता" हे उलटंही वाचता येतं की नऊ जणांना हवा होता. एनबीएत दर वर्षी नव्या दमाची साठ पोरं ड्राफ्टमधून येतात. जागा तेवढ्याच. त्यात गळक्या नळासकट तेरा वर्षं टिकायचं तर माणसाकडे काहीतरी असं असावं लागतं जे बाजारात सहज मिळत नाही.

यादी सांगतो म्हणजे चित्र येईल. वॉरियर्स दोन मोसम. मग टोरांटो, जिथे आंद्रेआ बार्न्यानी होता, २००६च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, हा मान मिळालेला पहिला युरोपियन. संघाच्या व्यवस्थापनात मावरित्सिओ गेरार्दिनी होते, तेही इटालियन. इतकी घरची माणसं असून तिथे एका वर्षात पत्ता कट. न्यू ऑर्लिन्सला मात्र क्रिस पॉलसोबत पहिल्यांदा नियमित सुरुवातीच्या पाचात आला. आपण एनबीएचे खेळाडू आहोत हे त्याला स्वतःला तिथे पटलं असावं, असा माझा अंदाज.

आणि मग शिकागो, २०१२-१३, कोच टॉम थिबोडो. ब्रुकलिनविरुद्ध पहिल्या फेरीचा सातवा सामना, तोही ब्रुकलिनमध्ये. डेरिक रोझ मोसमभर जायबंदी, लुओल डेंग आजारी, कर्क हाइनरिक जखमी. शिकागोकडे माणसंच उरली नव्हती. जोकिम नोआ दुखऱ्या पायावर खेळला, २४ गुण. बेलिनेल्ली, २४ गुण. शिकागो ९९-९३ने जिंकलं. त्या सामन्यात याने आनंदाच्या भरात एक हावभाव केला, ज्याचं वर्णन मी इथे करणार नाही, संपादक धागा उडवतील. लीगने १५ हजार डॉलर दंड केला.

नागपाडेवाला:

तो हावभाव आमच्याकडे प्रत्येक थ्रीनंतर व्हायचा. दंड फक्त शेजारच्या चाचांच्या शिव्या.

बोरीबंदर:

या सगळ्यात भारतीय कनेक्शन काही? की आपण नुसतेच टाळ्या वाजवायला?

पायपीट:

आहे एक, आणि ते आडनावानेच कळेल. २०१५ मध्ये बेलिनेल्ली सॅक्रामेंटो किंग्जकडे गेला. त्या संघाचे मुख्य मालक विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा.

बोरीबंदर:

रणदिवे!! म्हणजे आपले!

तिरकस:

झालं. आता 'मराठी माणसाने इटालियन माणसाला नोकरी दिली' असा फॉरवर्ड संध्याकाळपर्यंत येईल.

पायपीट:

नोकरी दिली खरी, तीन वर्षांची, सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरची. आयुष्यातला सगळ्यात मोठा करार आणि सगळ्यात वाईट मोसम एकाच ठिकाणी आले. स्पर्समध्ये पहिल्या वर्षी थ्रीचा टक्का ४३ होता, सॅक्रामेंटोत तो तिशीवर घसरला. संघ ८२ पैकी ३३ सामने जिंकला. डीमार्कस कझिन्स, राजाँ राँडो, कोच जॉर्ज कार्ल, एका छपराखाली इतकी तापट डोकी की चेंडूशिवाय पळणाऱ्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. वर्षभरात त्याला शार्लटला देऊन टाकलं.

माझा मुद्दा इथे पक्का होतो. स्वतः चेंडू घेऊन खेळ उभा करणारा खेळाडू कुठेही गेला तरी थोडंफार करून दाखवतो. बेलिनेल्लीसारखा खेळाडू मात्र बाकीच्या चौघांवर अवलंबून. स्क्रीन नीट लागली पाहिजे, पास वेळेवर आला पाहिजे. तबल्याची साथ बिघडली की गाणाऱ्याचं काय होतं ते आठवा.

आप्पा_सातारकर:

मंडळी, वय वर्षं एकाहत्तर, त्यामुळे थोडं जुनं बोलतो. इटालियन बास्केटबॉल म्हटलं की आमच्यासाठी एकच नाव, दिनो मेनेगिन. वारेझे आणि मिलान मिळून युरोपियन चँपियन्स कप सात वेळा, इटालियन विजेतेपद बारा वेळा. वारेझेचा संघ १९७० ते १९७९ ओळीने दहा वर्षं युरोपच्या फायनलला होता, आणि हा मध्यभागी ठाण मांडून. १९७० मध्ये अटलांटाने ड्राफ्टमध्ये त्याचं नाव घेतलं होतं, गेला नाही. चव्वेचाळीस वर्षांपर्यंत खेळला, इतका की स्वतःच्या मुलाविरुद्ध उतरला. तुमचा हा बेलिनेल्ली त्याच्या पासंगाला पुरेल का?

१९८०च्या मॉस्को ऑलिंपिकची आठवण मुद्दाम देतो. बास्केटबॉलमध्ये भारताचा संघ ऑलिंपिकला गेला तो तेवढा एकदाच. त्याच स्पर्धेत इटलीने यजमान सोव्हिएत संघाला ८७-८५ हरवून रौप्य मिळवलं. आपले सगळे सामने हरले, पण एका स्पर्धेत दोन्ही होते याचं मला अजून अप्रूप आहे.

पायपीट:

आप्पा, दंडवत. मेनेगिनशी तुलना नाहीच. मेनेगिन म्हणजे किल्ला, बेलिनेल्ली म्हणजे घोडेस्वार. पण एक फरक बघा. मेनेगिनच्या काळात अमेरिकेला न जाणं हा शहाणपणा होता, इथे राजा होता येत असताना तिथे ड्राफ्टच्या अकराव्या फेरीतला पाहुणा कोण होणार? बेलिनेल्लीच्या पिढीला तो पर्याय उरला नव्हता. बार्न्यानी, दानिलो गाल्लिनारी, हा, तिघेही गेले.

आणि त्याची किंमत राष्ट्रीय संघाने मोजली. तिघे एनबीएत, सोबत लुइजी दातोमेसारखा कप्तान, इटलीच्या इतिहासातली सगळ्यात गाजावाजा झालेली पिढी, आणि पदक एकही नाही. २०१६ मध्ये ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा घरच्या मैदानावर, तूरिनमध्ये. कोच मेस्सिना. फायनलला क्रोएशियाकडून ओव्हरटाइममध्ये हरले. २०२१ मध्ये इटलीने बेलग्रेडला जाऊन सर्बियाला हरवलं आणि टोकियोचं तिकीट काढलं. त्या संघात बेलिनेल्ली नव्हता. ऑलिंपिक त्याच्या नशिबी नव्हतंच. २००४ला अथेन्समध्ये इटलीला रौप्य मिळालं तेव्हा लहान होता, टोकियोच्या वेळी पस्तिशीत.

कावेरी_क:

मुलीला दाखवलं. ती म्हणते हा माणूस दमत कसा नाही. अंगठीची गोष्ट राहिली ना पण? स्पर्सची?

पायपीट:

ती चुकून राहिली, खरं तर सगळ्यात गोड भाग तोच.

२०१३ मध्ये स्पर्सचा कोच ग्रेग पोपोविचने त्याला सॅन अँटोनिओला बोलावलं. आधीच्या फायनलमध्ये स्पर्स मायामीकडून हरले होते, विजेतेपद हातातोंडाशी येऊन निसटलं होतं. तो संघ म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघच. टिम डंकन कॅरिबियन बेटांवरचा, टोनी पार्कर आणि बोरिस डियॉ फ्रेंच, पॅटी मिल्स आणि एरन बेन्स ऑस्ट्रेलियन, स्प्लिटर ब्राझिलियन, कोरी जोसेफ कॅनेडियन. आणि अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली. ज्याला बघत हा पोरगा विर्तुसच्या कोर्टवर वाढला, त्याच्या शेजारी लॉकर. दोघे इटालियनमध्ये बोलू शकत होते, ही चैन अमेरिकेतल्या किती जणांना?

हा संघ चेंडूला जमिनीवर ठेवतच नव्हता. पास, पास, पास, आणि शेवटी जो मोकळा तो मारेल. चेंडूशिवाय पळणाऱ्याला याहून मोठं माहेर नाही. सामन्याला ११ गुण, थ्रीचा टक्का ४३. फेब्रुवारीत ऑल-स्टारच्या (एनबीएचा निवडक खेळाडूंचा वार्षिक सोहळा) थ्री पॉइंट स्पर्धेत उतरला. अंतिम फेरीत ब्रॅडली बीलशी १९-१९ बरोबरी. पुन्हा एक फेरी. बीलने १८ केले, याने २४. जूनमध्ये मायामीला ४-१ हरवून स्पर्स विजेते. पहिला इटालियन.

पुढे २०१८ मध्ये तो परत स्पर्सकडे आला. जुलैत याने सही केली. पार्कर शार्लटला गेला, कवाय लेनर्ड टोरांटोला गेला, आणि ऑगस्टमध्ये जिनोबिली निवृत्त झाला. माहेरी यावं आणि घरात ओळखीचं कोणी नसावं, तसं. २०२०ला स्पर्सची ओळीने बावीस मोसम प्लेऑफ गाठण्याची मालिका तुटली, त्या संघात हा होता.

नागपाडेवाला:

मधलं फिलाडेल्फिया कसं विसरलास? मला त्याचा सगळ्यात आवडता क्षण तिथलाच आहे. २०१८चे प्लेऑफ, बॉस्टनविरुद्ध तिसरा सामना. शेवटचा सेकंद, फिली दोनने मागे. बेलिनेल्ली पळत कोपऱ्यात गेला, चेंडू आला, वळला, मारला, बझर, आत! छतावरून रंगीत कागदांचा पाऊस सुरू झाला. फक्त एक घोटाळा. तो थ्री नव्हता. पाय रेघेच्या आत. दोनच गुण, ८९-८९ बरोबरी. कागद सोडणाऱ्याला वाटलं जिंकलो. मग सगळे झाडू घेऊन कोर्ट साफ करत बसले, खेळाडू ताटकळत, आणि ओव्हरटाइममध्ये बॉस्टन १०१-९८ने जिंकलं.

मी रात्र जागून बघितला होता. सकाळी पहिला डबल ड्युटीचा दिवस. वाटोळं.

तिरकस:

हे मात्र मला आवडलं. विजय साजरा झाला आणि मग सामना हरले. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत असंच झालं होतं.

कोल्हापुरी_किक:

ओ पायपीट, ती सतरा वर्षांनंतरची पंचाईत सांगा की. मी त्याचीच वाट बघत बसलोय.

पायपीट:

सांगतो. नोव्हेंबर २०२०. चौतिशीतला बेलिनेल्ली इटलीत परतला. विर्तुसने सही घेतली. तोपर्यंत विर्तुस खालच्या श्रेण्यांतून परत वर आली होती, कॉफीवाले मास्सिमो झानेत्ती मालक झाले होते, मिलोश तेओदोसिचसारखा जादूगार संघात होता. आणि फोर्तितूदोनेही मधल्या काळात दिवाळखोरी भोगून पुन्हा पहिली श्रेणी गाठली होती. म्हणजे दोन्ही घरं उभी होती. याने पहिलं निवडलं.

आता फोर्तितूदोच्या कट्टर समर्थकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पोरगा आमच्याकडे मोठा झाला, पहिलं विजेतेपद आमच्या जर्सीत, एनबीएला गेला तो आमच्याकडून. आणि परतला तो तिकडे. माझा न्हावी फोर्तितूदोचा होता. त्याच्या दुकानात २००५च्या विजेत्या संघाचा फोटो होता. मी विचारलं, यात बेलिनेल्ली आहे ना? तो म्हणाला, हो, तो अजून लहान होता, त्याला काय कळतंय. आणि माझे कल्ले थोडे जास्तच वर गेले.

मैदानावर मात्र जे झालं ते कोणी धरलं नव्हतं. डिसेंबरमध्ये विर्तुसने कोच जॉर्जेविचला काढलं आणि लगोलग परत घेतलं. असा गोंधळ घातलेल्या संघाने जूनमध्ये मिलानला फायनलमध्ये ४-० धुतलं. विर्तुसचं वीस वर्षांतलं पहिलं विजेतेपद. समोर मिलानचे कोच कोण? मेस्सिना. ज्यांनी विर्तुसला २००१चं वैभव दिलं आणि जे स्पर्समध्ये बेलिनेल्लीचे सहायक कोच होते तेच. २०२२ला युरोकप (युरोलीगच्या खालची युरोपियन स्पर्धा) जिंकला, तुर्कस्तानच्या बुर्सास्पोरविरुद्ध, घरच्या सभागृहात. मी होतो तिथे, अगदी वरच्या रांगेत, खांबाआड. अर्धा कोर्ट दिसत होता. पण पळणारा माणूस अर्ध्या कोर्टवर दर मिनिटाला एकदा दिसतोच.

मग मिलानने पुढची तीन विजेतेपदं ओळीने हिसकावली, तिन्ही फायनलमध्ये विर्तुसलाच हरवून. याच काळात, २०२४ मध्ये, बेलिनेल्ली इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय अडतीस. गुडघे अडतीसचे, पाय अजून कोपऱ्यातून निघून रिंगखालून पलीकडे. अमेरिकेत तो बेंचवरचा माणूस होता, इथे अख्खा संघ त्याच्या पळण्याभोवती आखलेला. आणि २०२५च्या जूनमध्ये ब्रेशाला ३-० हरवून आणखी एक विजेतेपद. ऑगस्टमध्ये थांबला.

आप्पा_सातारकर:

अडतिसाव्या वर्षी सर्वोत्तम. बरं, पासंगाचा शब्द मागे घेतो. पण मेनेगिन तो मेनेगिनच.

बोरीबंदर:

पायपीट, गाल्लिनारीवर पण लिहा वेळ मिळाला की. त्याचे वडील मिलानला मेनेगिनबरोबर खेळायचे असं वाचल्याचं आठवतंय.

पायपीट:

हो, वित्तोरियो गाल्लिनारी. त्या मिलान संघात माइक डँटोनीही होता, ज्याने पुढे न्यूयॉर्कचा कोच म्हणून पोराला संघात घेतलं. आप्पांनी लिहावं असं म्हणतो, त्यांच्या काळापासून सुरुवात करता येईल.

आप्पा_सातारकर:

मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. त्यानंतर.

कावेरी_क:

काल मुलीच्या प्रॅक्टिसला गेले होते. तुम्ही सांगितलं तसं चेंडूकडे न बघता फक्त तिच्याकडे बघितलं. पळत होती. वीस मिनिटांत एकदाच पास आला, तोही रेघेबाहेर गेला. घरी येताना विचारलं तर म्हणाली, "आई, श्रुती पास वेळेवर देत नाही." कोचशी बोलू का?

नागपाडेवाला:

कोचशी नको. श्रुतीला वडापाव खाऊ घाला.